सुरंगवाडीच्या भरभराटीविषयी

शहापूर
माघ वद्य पंचमी, सन १९२६

अंबू,

चुलीवर काही ठेवलं असशील तर उतरवून ये, पत्र लांब आहे. आणि घाबरू नकोस, तुला परत बोलावण्यासाठी हे लिहिलेलं नाही. दिवाळीनंतर मामांच्या, म्हणजे तुझ्या आप्पांच्या, दुखण्यासाठी तू घाट उतरलीस, त्या वेळी उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, “आप्पांना माझ्याशिवाय कुणी नाही. मी आता तिथंच राहणार. तुम्ही माग घेऊन तिकडं या, नाहीतर राहू द्या.” त्याचं उत्तरही यात नाही. हे पत्र तुझ्या गावाच्या भल्यासाठी आहे, माझ्या नव्हे.

परवा दुपारी मागावर बसलो होतो. डाळिंबी लुगडं, काठ हिरवा. पाय मागाखालच्या खड्ड्यात गार, हात आपले आपण चालतात, आणि अशा वेळी डोकं कुठं जाईल त्याचा नेम नसतो. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि बघता बघता तो हिरवा काठ मला सुरंगवाडीच्या माडांची रांग दिसायला लागला. त्याच्या पलीकडं संध्याकाळचं डाळिंबी पाणी. मी समुद्र पाहिला तो एकदाच, आपल्या लग्नात. सगळं वऱ्हाड पाय भिजवायला पळालं आणि मी नवं धोतर भिजेल म्हणून लांब वाळूत उभा राहिलो. तू पदर दातात धरून हसलीस ते मला दिसलं होतं.

तर मला प्रश्न पडला की एवढं सगळं असून सुरंगवाडी गरीब का? माड आहेत, काजू आहेत, खाडीत मासे आहेत, मिठाची आगरं हाकेच्या अंतरावर आहेत. तरी मिशी फुटली की पोरगा वेंगुर्ल्याला जाऊन आगबोटीत बसतो आणि मुंबई गाठतो. मागं राहतात म्हातारे, बायका आणि माड. मामा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी शहापूरची लुगडी आंबोली उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जायची आणि गलबतात चढायची. मग रेल्वे आली, माल तिच्यामागून गेला, बंदर बसलं. मामा मात्र लुगडी विकायला उतरले ते तिथंच माडाची वाडी घेऊन राहिले. त्यावर आई अजून म्हणते, “समुद्रानं न्हेला माझा भाऊ.”

आता माझं म्हणणं ऐक. नारळाची सोडणं तुम्ही चुलीत घालता. तीच खाडीत कुजवून काथ्या वळला तर मुंबईच्या गोद्यांना दोर काय कमी लागतो? काजू कुणीतरी परगावचा येऊन पोत्यानं उचलतो. तो तिथंच भाजून, फोडून डब्यात भरला तर? मी मागावर बसल्या बसल्या सगळं उभं केलं. खाडीच्या तोंडाशी लाकडी धक्का, धक्क्याला लागून वखार, वखारीपुढं सावलीत बायका काथ्या वळतायत. मुंबईची आगबोट आली, आणि तिच्यातून गेलेली सगळी पोरं उतरली, हातात पत्र्याच्या पेट्या घेऊन. मी धक्क्यावर उभा राहून एकेकाला सांगत होतो, तुझ्या घराचं छप्पर शाकारून ठेवलंय, जा. जसं काही मीच तिथला. तेवढ्यात धागा तुटला.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. काथ्या वळायला किती बायका मिळतील एवढं कळवलंस तरी पुरे. मामांच्या खोकल्यासाठी हळद पाठवली आहे.

तुझ्या गावाचा हितचिंतक,
केदारी


शहापूर
फाल्गुन शुद्ध द्वादशी

अंबू,

तुझं कार्ड मिळालं. मी एवढं लिहावं आणि तू दोनच ओळी? “बायका मिळतील. शिकवून, माल बाहेर नेऊन विकणारा माणूस मिळत नाही. हळद पोचली.” तुला मीठ तोलायला बसवलं पाहिजे, एक खडा जास्त पडायचा नाही.

मी निपाणीला जाऊन आलो. लुगडी खपवायला गेलो होतो, तिथून एका गिऱ्हाइकासाठी कोगनोळीपर्यंत. पण खरं सांगायचं तर निम्मा जीव तुझ्या बंदरात होता. निपाणीच्या पेठेत तंबाखूची पोती छपराला लागलेली. मी एका व्यापाऱ्याला म्हटलं, “हे सगळं वेंगुर्ल्याहून न्या की. घाटानं खाली, बोटीनं पुढं.” तो पान जुळवत होता. म्हणाला, “व्हय पावणं, आणि दमट वाऱ्यानं बुरशी आली म्हंजे तुमच्या बायकोला विकू काय?” माझ्या बायकोचं त्याला काय ठाऊक? बहुतेक मी बोलण्याच्या भरात काहीतरी बोललो असेन. तरी मी त्याला दुहेरी छपराची वखार समजावून सांगितली. त्यानं मला एक पान दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

परतताना गाडीत झोप नव्हती आणि जागही नव्हती. बैलांच्या घुंगरांचा नाद होता. मला वाटत होतं, आपण बेळगावाकडं चाललोच नाही, रस्ता उतरतोय. पुढं गाड्या, मागं गाड्या, सगळ्या तंबाखूनं, गुळानं, मिरचीनं भरलेल्या, आणि हवेला ओला वास येतोय. कुणीतरी म्हणतंय, आलं बंदर. डोळे उघडले तर चिकोडीकडं जाणारा फाटा आणि धुळीत बसलेलं एक कुत्रं. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही.

आता खरी योजना ऐक, ही तंबाखूवाल्याला सुचायची नाही. तुमच्याकडच्या मासे विकणाऱ्या बायका लुगडं गुडघ्याशी खोचून नेसतात. त्यांना आमचं जड काठाचं, लांबलचक लुगडं काय कामाचं? म्हणून त्या बोटीवरून येणारं गिरणीचं कापड घेतात आणि ते खाऱ्या पाण्यानं वर्षात विरतं. आखूड, घट्ट विणीचं, रंग न सोडणारं लुगडं तिथल्या तिथं विणलं तर किनाऱ्यावर मालवणापर्यंत दुसरं कुणी नेसणार नाही. सूत घाटावरून खाली, लुगडी बाजारात, आणि पैसा गावचा गावात. आधी एक माग लावू. तो चालला की दहा.

त्यासाठी एक खड्डा लागेल. तू इथं पाहिलाच आहेस, तरी लिहितो. पडवीत, उजेड डाव्या हाताला येईल असा. काठावर बसल्यावर पाय मोकळे सुटले पाहिजेत आणि खाली पावड्या दाबायला जागा हवी. कडा शेणानं सारवून गुळगुळीत करायच्या, नाहीतर पोटऱ्या सोलवटतात. जमीन टणक बघ म्हणजे झालं.

माग चालवायला कोण बसणार म्हणशील. ते पुढचं पुढं बघू.

तुमच्या विणकामाचा सल्लागार,
केदारी


शहापूर
वैशाख शुद्ध दशमी

अंबू,

नागोजी काल तुमच्याकडून आला. गूळ-मिरची उतरवून नारळ घेऊन येतो तोच आपला नागोजी, पण काल गाडी सोडायच्या आधीच माझ्या दारात येऊन उभा. म्हणाला, “वैनीनं खड्डा खणलाय रं केदारी. सवताच्या हातानं. कोपरापत्तर तांबडी माती. मी म्हटलं, गडी लावा की. तर म्हणाली, गड्याला बसणाऱ्याच्या पायाचं माप ठाऊक न्हाय.”

मी त्याला पाणी द्यायचंही विसरलो.

आज दिवसभर ताण्याचे धागे तुटतायत. जोडतो, पुन्हा तुटतात. मला तुझी फार आठवण येते. लिहिलं एकदाचं. तू पहिल्या पत्रात वाचली असशीलच, काथ्याच्या खाली दडवलेली.

पण अंबू, तू घाई केलीस. योजना म्हणजे काही लगेच उद्या नव्हे. लग्नसराई आहे, वडगावच्या दोन घरांची शालूसारखी लुगडी अंगावर घेतलीत. शिवाय आई. आई नको म्हणते. म्हणते, भाऊ गेला तो गेला, आता पोरगाही समुद्राला देऊ काय? म्हाताऱ्या माणसाचं मन मोडून मी कसा निघू? तूच सांग, तुझी ती सासूही आहे आणि आत्तीही.

आणि लोक. तू हसशील, पण तू गल्लीत कोपऱ्यावर बसत नाहीस. वडगावचा शामू सासरी राहायला गेला, ते आठवतं? चांगला हाताचा कसबी माणूस. त्याला बाजारात आजही बायकोच्या नावानं ओळखतात. कोपऱ्यावरच्या दुकानातला मष्णू परवा मला म्हणाला, “काय केदारी, खाली खड्डा तयार हाय म्हणं? गोठा बी बांधलाय काय जावयाला?” सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येऊन जेवलो नाही. आमच्याकडं बाई सासरी नांदते, पुरुष नाही. माझ्या बापानं ह्याच खड्ड्यात बसून आयुष्य काढलं, आणि मी सासऱ्याच्या पडवीत त्यांच्या भाकरीवर बसायचं?

हे लिहून झाल्यावर मी पुन्हा मागावर बसलो आणि डोळे मिटले. तुझी पडवी दिसली. खड्डा कोरडा, नवा, शेणाचा वास येणारा. मी बसलोय आणि माप बरोबर आहे. बाहेर पाण्याचा आवाज. तू माझ्या पाठीमागं उभी राहून म्हणतेस, काठाला कोकमाचा रंग घ्या. किती साधं होतं सगळं. मी डोळे उघडलेच नाहीत बराच वेळ.

माझं उत्तर नाही असं समजू नकोस. थोडं थांब.

केदारी


शहापूर
आषाढ वद्य सप्तमी

अंबू,

तुझं पत्र घाटातल्या पावसानं भिजून आलं, तरी वाचता आलं. वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं. तू लिहितेस:

“खड्ड्यात पाणी आलंय. वरून नाही, खालून. उपसलं की सकाळी परत भरतं. आप्पांना विचारलं तर म्हणाले, इथं पावसात जमिनीखालचं पाणी वर येतं, मला ठाऊक होतं, पण तो त्याआधी येईल आणि काय करायचं ते तोच बघेल असं वाटलं. आता त्यात एक बेडूक राहायला आलाय. लोक काय म्हणतील म्हणून तो अडला नाही. नारळी पौर्णिमा झाली की दर्या निवळेल, बोटी सुरू होतील. आप्पांचा पुतण्या मुंबईत आहे, पहिल्या बोटीनं आम्ही दोघं त्याच्याकडं जाणार. माडाची वाडी खंडानं द्यायचं ठरतंय. आता योजना पाठवू नका. वाचायला इथं कुणी असणार नाही.”

आधी मला राग आला. बेडकाचा आला, मग तुझा. हा अपमान मी गिळायचा का, असं मोठ्यानं बोललो. आईनं आतून विचारलं, कुणाशी बोलतोस? म्हटलं, धाग्याशी.

मग मी खाली वाकून माझ्याच खड्ड्यात हात घातला. भर आषाढात तळ कोरडा. शहापूरच्या विणकराला हे कधी बघावंच लागत नाही, म्हणून मी बघितलं नाही. तुला लिहिलं, टणक जमीन बघ म्हणजे झालं. झालं! वैशाखात तुमची जमीनही टणकच असणार. मी इतके महिने तुझ्या गावात धक्के बांधले, वखारी बांधल्या, आणि सगळं शहापूरच्या कोरड्या मातीवर पाय ठेवून. तुला एकदाही विचारलं नाही की तिकडं खाली काय असतं.

तुला ठाऊक नाही, मी तुमच्या गावाची योजना सुवाच्य अक्षरात लिहून बेळगावच्या कचेरीतही नेली होती. धक्का, रस्ता, विणकामाची शाळा, सगळं. तिथले कारकून भले गृहस्थ होते, त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली. मग कानडी-मराठीत म्हणाले, “छलो बरेदिद्दीरी. छान लिवलाय. पण वेंगुर्लं रत्नागिरी जिल्ह्यात येतंय. आणि तुम्ही तिथं राहतासा काय?” मी म्हटलं, नाही. “तुमची जमीन हाय?” नाही. “मग तिथं राहणारा कुणी मागायला पायजे. इथनं कसं मागतासा?” मी कागद परत घेतला. जिना उतरताना मला वाटलं, ह्या माणसानं मला अंबूसारखंच सुनावलं, फक्त गोड आवाजात.

मुंबईला जाऊ नकोस, हे लिहायचा मला काय अधिकार? सगळे जातात. मी माझ्या स्वप्नात सगळ्यांना परत आणत होतो, आणि माझ्याच घरातली दोन माणसं त्या बोटीत चढतायत. तू पुतण्याच्या घरी दुसऱ्याची भांडी घासशील आणि मामा खिडकीत बसून खोकतील. वाडीतले नारळ कुणीतरी परका पाडेल. मला हे बघवत नाही आणि तरी मी इथून उठत नाही, हे कसलं माझं मन आहे?

आई अजूनही नको म्हणते.

केदारी


शहापूर
श्रावण शुद्ध षष्ठी

अंबू,

आई कधीच नको म्हणाली नव्हती. हे आधी लिहितो, मग बाकीचं. भाऊ समुद्रानं नेला हे तिचं वाक्य खरं, त्यापुढचं मी रचलं. वैशाखातही आणि आषाढातही.

नागोजीनं घोळ केला, किंवा उपकार केला म्हण. काल नागपंचमीच्या लाह्या घ्यायला आला आणि आईला सरळ म्हणाला, “काकू, पोराला सोडा की आता. तुमच्यापायी अडलाय, वैनी मुंबैला निघाली.”

आई लाह्या पाखडत होती. सूप तसंच हातात. म्हणाली, “माज्यापायी?”

“व्हय, तुमी नको म्हंतासा म्हणून.”

“मी कवा नको म्हटलं रं?” ती माझ्याकडं वळली. मी मागावर होतो, पळायचं म्हटलं तरी पाय खड्ड्यात. “केदाऱ्या, मी कवा म्हटलं? भावाचं घर त्येच माजं म्हायेर हाय. माजा भाऊ तितं खोकतोय. लई वरसं झाली, मला कुणी न्हेलं न्हाय आनि मी कुणाला न्हे म्हटलं न्हाय. तुला लाज वाटती व्हय माज्या म्हायेरात ऱ्हायाची?”

“तसं न्हाय आई. लोक...”

“लोकांचं मला सांगू नगोस. म्यां या गल्लीत परक्या घरात येऊन जलम काढला, मला कुणी इचारलं न्हाय लाज वाटती का म्हणून. अंबीला बी न्हाय इचारलं. तुलाच तेवढी लाज?”

नागोजी लाह्या विसरून निघून गेला.  अंबू, तू एवढीशी असताना समुद्र सोडून ह्या धुळीत आलीस. पहिला उन्हाळा तू रांजणापाशी बसून काढलास, ते मला आठवतंय. तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो? सवय होईल, म्हणालो होतो.

आज सकाळी माग उतरवला. उतरवण्याआधी आईनं त्याला हळदकुंकू लावलं. अर्धवट लुगडं कापून काढलं. खड्ड्यावर फळ्या टाकल्या. ज्योतिबा सुताराला बोलावून सांगितलं, आता ह्याला पाय लाव, जमिनीवर उभा राहील असा कर, पावड्या वर टांगायच्या आणि मी बाकावर बसून विणणार. तो म्हणाला, असे माग आता निघालेत, करू की. म्हणजे खड्ड्याशिवाय माग चालतो हे मला ह्या गल्लीतच कळलं असतं, कुणाला विचारलं असतं तर. मागाचे पाय बरोबर घेतोय, जोडणी तिथं. तुझ्या पडवीत किती उंचावर ठेवायचा ते तू सांगशील. ह्या वेळी मी तुला विचारून ठेवीन. तो बेडूक राहू दे हवं तर, मला अडचण नाही.

मग जे करायला मी इतके महिने भीत होतो ते केलं. डोक्याला फेटा बांधला आणि गल्लीत पहिल्या घरापासून सुरुवात केली. दारात उभा राहून म्हणालो, मी सासऱ्याच्या, यमनाप्पांच्या, घरी राहायला निघालोय, येतो. पहिल्या दारात दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्या दारात म्हातारीनं हातावर साखर ठेवली. कोपऱ्यावर मष्णू होताच. म्हणाला, “परत कवा येनार म्हनायचं?” मी म्हटलं, “लुगडी विकायला येईन. ऱ्हायाला न्हाय.” मग तो म्हणाला, “माझ्या भनीला तितलं कोकम लई आवडतंय. पाठवशील काय?” मी पाठवतो म्हणालो. आपल्या गावचं पहिलं गिऱ्हाईक मिळालं, अंबू, आणि तेही कुठं, तर मष्णूच्या घरात.

नागोजीची गाडी उद्या पहाटे निघते. घाटात दरड आहे म्हणतात. गाडी अडली तर माग डोक्यावर घेऊन दोन खेपा करू, नागोजी एक आणि मी एक. आई गाडीत बसणार आहे आणि दरडीच्या जागी चालणार आहे, असं तिचं तिनं ठरवलंय. गाठोड्यात तिनं मामांसाठी लाह्या बांधल्यात. दुपारपासून ती दारात बसून मामांच्या लहानपणच्या गोष्टी सांगते आहे, कुणी ऐको न ऐको. मी ऐकतोय. डोळ्यांपुढं धक्का नाही, वखार नाही, आगबोट नाही. एक म्हातारी आपल्या भावाच्या दारात उतरतेय एवढंच दिसतं, आणि पाठीमागं तू कुठल्या खोलीतून बाहेर येशील ते मला कळत नाही, कारण मला तुमचं घर नीट आठवतच नाही.

टपाल आमच्या आधी पोचेल. वाडी खंडानं देऊ नकोस. बोटीची तिकिटं काढली असतील तर मोडून टाक. आणि तरीही जायचं ठरवलंस तर जा, मी रागावणार नाही. मी तुमच्या पडवीत माग लावून बसलेला असेन. सुरंगवाडीचा कुणी ना कुणी मुंबईहून परत आलाच पाहिजे, ती सुरुवात तुझ्यापासून झालेली मला चालेल.

मामांना पत्र मोठ्यानं वाचून दाखव, विशेषतः खालची सही. शेजारीपाजारी असतील तर त्यांनाही ऐकू दे.

यमनाप्पांचा घरजावई,
केदारी
मुक्काम सुरंगवाडी